पुढचे दिसणारा मल्लही चितपट होतो

माझा भाचा अमळनेरला अकरावीत शिकतो आणि गेले वर्षभर एक अद्भुतरम्य कादंबरी लिहितो आहे, जिच्या नायकाला येणारा क्षण आधीच दिसतो. गेल्या आठवड्यात त्याने द्वंद्वयुद्धाचे सबंध प्रकरण फाडून टाकले, कारण मोबाईलवर फिरत फिरत एक लांबलचक संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला होता. भविष्य दिसणाऱ्याला हातघाईच्या लढाईत कोणी स्पर्शही करू शकत नाही, त्याला तालमीची गरज उरत नाही, समोर शंभर जण असले तरी त्याला फरक पडत नाही आणि दोघांनाही भविष्य दिसत असेल तर लढाई होतच नाही, असे त्यात ठामपणे लिहिले होते. ‘‘मामा, त्याले पुढलं दिखस, मंग त्याले कोन पाडी?’’ असे त्याने मला विचारले, आणि वर्षभराची मेहनत अशा चार वाक्यांपायी कचऱ्यात गेलेली पाहून मला राग आवरला नाही.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. डोळ्यांना दिसलेल्या खुणेला हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. त्यामुळे ज्याला पूर्ण एक सेकंद आधीचे दिसते, त्याला एकटादुकटा ठोसा सहसा लागणार नाही. परंतु दृष्टी एका सेकंदाऐवजी 0.2 सेकंदाचीच असेल तर काय होते? उभा माणूस पायातले बळ पूर्ण सोडून खाली गेला, तरी तेवढ्या वेळात त्याचे शरीर सुमारे 20 सेंटिमीटरच उतरते, कारण त्याला खाली खेचणारे बळ फक्त गुरुत्वाकर्षणाचे असते. नायकाला किती आधीचे दिसते, हे न सांगता त्याला अजिंक्य ठरवणे म्हणजे मोजमाप न घेता अंगरखा शिवण्यासारखे आहे.

त्यातही ठोसा वेगळा आणि पकड वेगळी. आपल्याकडे गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खडाखडीत, म्हणजे उभ्याने चाललेल्या झटापटीत, काय चालते हे ठाऊक आहे. पट, म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव, वाचवण्यासाठी पाय मागे टाकून वाकावे तर मान प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाते, आणि मान वाचवण्यासाठी ताठ व्हावे तर पाय उघडे पडतात. चांगला मल्ल अशी कोंडी मुद्दाम तयार करतो. त्या कोंडीत सापडलेल्याला दोन्ही भविष्ये स्वच्छ दिसली तरी दोन्हींत त्याची पाठ मातीलाच लागलेली असेल. त्याला सुटायचे असेल तर कोंडी जुळण्यापूर्वीच हालचाल करायला हवी, म्हणजे डावाची तोड अंगात मुरलेली हवी.

म्हणूनच तालमीची गरज नाही हे विधान मला सर्वांत घातक वाटते. दिसणे आणि करता येणे ही एकच गोष्ट आहे, असे ते कोवळ्या मुलांच्या मनावर ठसवते. महाभारताच्या शल्यपर्वातले गदायुद्ध त्या संदेशकर्त्याने एकदा तरी वाचायला हवे होते. तिथे श्रीकृष्ण युधिष्ठिराला सांगतो, की भीम बलवान असला तरी दुर्योधन कृती, म्हणजे अभ्यासाने निपुण आहे, आणि बलवान व कृती यांत कृतीच वरचढ ठरतो. भीमाला मारण्याच्या इच्छेने दुर्योधनाने तेरा वर्षे लोखंडी पुरुषावर गदेचा सराव केला होता. आणि एवढा निपुण योद्धा पडला कसा? भीमाचा प्रहार येतो आहे हे त्याने बरोबर ताडले आणि त्याला चकवण्यासाठी वर उडी घेण्याचे ठरवले. परंतु भीमाने त्याचा तो बेत ओळखला आणि उडी घेतलेल्या दुर्योधनाच्या मांड्यांवर गदा घातली. तो प्रहार गदायुद्धाच्या नियमाविरुद्ध होता, हा वाद वेगळा. इथे महत्त्वाचे एवढेच, की जमिनीवरून पाय सुटलेल्या माणसाला हवेत दिशा बदलता येत नाही. त्या क्षणी त्याला पुढची शंभर वर्षे दिसली असती तरी मांड्या वाचल्या नसत्या.

शंभर जणांच्या विधानावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. चुकवण्यासाठी मोकळी जागा लागते, आणि वेढ्यात ती नसते. तिथे दृष्टी फार तर कोणता घाव सोसायचा एवढेच सांगेल.

दोन द्रष्टे समोरासमोर आले तर लढाईच होणार नाही, हे विधानही टिकत नाही. एकाने पाहून पवित्रा बदलला की दुसऱ्याने पाहिलेले दृश्य खोटे ठरते, त्यानेही आपला बदलला की पहिल्याचे. अशा वेळी दृष्टीचा उपयोग दोघांनाही सारखाच कमी होतो, आणि उरतो तो दम, तोल आणि सराव. भीम आणि जरासंध यांची झुंज तेरा दिवस चालली आणि चौदाव्या रात्री जरासंध थकून थांबला, असे सभापर्व सांगते. थकवा येणार हे आधी दिसले, म्हणून तो टळत नाही.

भाच्याला मी नवी वही आणून दिली आहे. नायकाला अर्ध्या सेकंदाचेच दिसते, असे त्याने आता ठरवले आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी म्हणून ज्याला काहीच दिसत नाही असा एक म्हातारा वस्ताद घेतला आहे.