डिकीतली अंडी

परवा सकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू केली आणि दोन मिनिटांत तळमजल्यावरचे काका टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले.

"तुमच्या गाडीत अंडी आहेत. नासलेली."

"नाहीत हो काका."

"डिकी उघडा."

उघडली. स्टेपनी, जॅक, मोडकी छत्री. काकांनी स्टेपनीखाली हात घालून पाहिला. "काल असतील," म्हणाले.

मी समजावलं, की हा धुराचा वास आहे. पेट्रोलात जरासं गंधक असतं, मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की...

"गंधक? म्हणजे फटाके? तेही चालत नाहीत इथे."

संध्याकाळी ग्रुपवर सूचना: 'पार्किंगमध्ये मांसाहारी पदार्थ साठवू नयेत.' नाव नव्हतं. गाडीचा नंबर होता.

बीएस-६ पेट्रोलात गंधक किलोमागे जेमतेम १० मिलिग्रॅम. तेवढ्याचाही वास काकांपर्यंत पोचला, तर कॅटकॉनच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा जाळीचा डबा) आधी इंजिनाकडे बघायचं असतं. ऑक्सिजन कमी पडला, की गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो. गळका इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी नळी), बिघडलेला सेन्सर, असलं काहीतरी.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०४२० (कॅटकॉन नीट काम करत नसल्याचा कोड) दिसला, आणि दहा सेकंदांत निकाल: "कॅटकॉन गेला साहेब, बदला." अरे, लाइव्ह डेटा तरी बघ! इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमला दोन-तीन मिनिटं धरायचं. कॅटकॉनच्या पुढचा ओ-टू (ऑक्सिजन) सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट उड्या मारतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसायला हवा. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचायला लागला, तर जाळीची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकद संपत आलीय. (पुढे वाइडबँड, म्हणजे मिश्रण नेमकं मोजणारा, सेन्सर असेल तर हा ताल जुळत नाही, मागच्याचाच आलेख बघायचा.) त्यातही मागच्या सेन्सरच्या अलीकडे गॅस्केट (पाइपच्या सांध्यातली चकती) फुसफुसत असेल, तरी तोच कोड येतो. थंड इंजिन चालू करून क्षणभर सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं धरा, फट कुठे आहे ते ऐकू येतं.

थंड डब्यावर रबरी हातोडी मारून खुळखुळा वाजला, तर आतली जाळी फुटलीय. घाटात गाडी ओढत नसेल, तर पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायचा. आयडलला दीडच्या, २५०० ला तीनच्या वर पीएसआय गेला, की डबा तुंबला. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर गाडी बाजूला घ्या. मिसफायरमधलं (ठिणगी चुकल्यामुळे न जळलेलं) कच्चं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि सिरॅमिक वितळतं. ठिणगी देणारी बिघडलेली कॉइल न बदलता नवा कॅटकॉन बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

हे कुणी करत नाही. "आतली जाळी फोडून देतो, कुणाला कळत नाय," असंही वर सुचवतात. पीयूसीच्या मशीनला कळतं. आणि जुना डबा 'भंगार' म्हणून ठेवून घेतात. भंगार कसलं, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आहे! नवा घ्यायचा मी पाच आकड्यांत, जुना मात्र फुकट.

दुसरीकडे दाखवली. दोन नंबरचा इंजेक्टर गळत होता. मागचा सेन्सर जरा चुळबुळत होता, आता शांत आहे. वासही गेला.

काका काल लिफ्टमध्ये म्हणाले, "बरं केलंत, सोडलीत." सूचना अजून पिन केलेलीच आहे.