ताडोब्यात ट्रायपॉडपेक्षा तांदळाची पिशवी

वाघांच्या फोटोग्राफीवरच्या एका लेखात सफारीसाठी ट्रायपॉड (कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड) हवाच असं म्हटलंय, ते मला पटलं नाही. ताडोब्यात जिप्सीत पर्यटक, गाईड, ड्रायव्हर दाटीवाटीने बसतात, ट्रायपॉडचे पाय पसरायला जागाच कुठे? माझ्याकडे निकॉनची २००-५०० मिमीची झूम लेन्स आहे, वजन २.३ किलो. कापडी पिशवी रिकामीच न्यायची, ताडोब्याच्या मोहर्ली गेटला पोचल्यावर दीड-दोन किलो तांदूळ भरायचे, ती जिप्सीच्या दांडीवर ठेवून लेन्स वर टेकवायची. इंजिन मात्र बंद करायला सांगा, नाहीतर थरथर फोटोत उतरतेच. पहाटे उजेड कमी असतो, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ३२०० करायला बिचकू नका, म्हणजे शटर वेगात ठेवता येतं. दाणेदार फोटो चालतो, हललेला वाघ नंतर सुधारत नाही. आणि मे महिन्यातल्या धुळीत लेन्स बदलणं, कृपा करून, नको!