डूकी चेस हॉटेल लिया चेसनी सुरू केलेलं नाही
लिया चेस, क्रिओल (फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन चवींची सरमिसळ) जेवणाची राणी, यांनी शून्यातून डूकी चेस हॉटेल काढलं असा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधलं हे हॉटेल 1941 मधलं, सासूसासऱ्यांचं, तेव्हा तिथे सँडविच आणि लॉटरीची तिकिटं मिळायची. लिया 1946 मध्ये लग्न करून त्या घरात आल्या, नवरा ट्रम्पेट वाजवणारा, आणि मग हळूहळू त्यांनीच तिथे पांढरे टेबलक्लॉथ, गंबो (तिथलं दाट रश्श्याचं कालवण), भिंतीवर कृष्णवर्णीय कलाकारांची चित्रं असं सगळं आणलं, सिव्हिल राइट्सवाल्यांच्या (कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्यांच्या) मीटिंगाही वरच्या मजल्यावर व्हायच्या. 2005 मधल्या कॅटरिना चक्रीवादळाच्या पुरानंतर ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी हॉटेल परत उभं केलं, हे मात्र शंभर टक्के खरं. ओबामांना गंबोत हॉट सॉस टाकला म्हणून लियांनी झापलं, तेही खरंच!