बुधवार पेठेला नावं ठेवण्याआधी

‘जुन्या पुण्याची बाजारपेठ’ नावाचा एक मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो आहे. परवा तो साताऱ्याच्या मामेबहिणीकडे पोहोचला आणि तिने लेकीला बजावलं, पुस्तकं हवी तर ऑनलाइन मागव, बुधवार पेठेत पाऊल टाकायचं नाही. आता उत्तर द्यायलाच हवं.

मेसेज म्हणतो, बुधवार पेठ म्हणजे वेश्यावस्ती, घरंदाज माणसांनी तिकडे फिरकू नये. वस्ती आहे, नाकारत नाही. पण ती काही गल्ल्यांत आहे, आणि तिथल्या बायकाही याच शहराच्या रहिवासी आहेत. त्यांच्या नावाने बाकीच्यांना घाबरवायचं कारण काय? दगडूशेठच्या दर्शनाला सहकुटुंब जाता, ते मंदिर बुधवार पेठेत. तांबडी जोगेश्वरी तिथलीच. पुण्यातली पिढ्यान्‌पिढ्या पोरं शाळा-कॉलेजची पुस्तकं घ्यायला जातात तो अप्पा बळवंत चौकही तिथेच. आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती कुठे? याच पेठेतल्या भिडे वाड्यात. स्मारकासाठी तो वाडा 2023 मध्ये पाडला, पण पत्ता बदललेला नाही. जिथे मुलींना पहिल्यांदा पाटी मिळाली, तिथे आज मुलीला पुस्तकं घ्यायला जाऊ द्यायचं नाही? मला याचा संताप येतो.

पुढचा दावा, मंडई महात्मा फुल्यांनी बांधली, म्हणून त्यांचं नाव. साफ चूक. ती इमारत 1886 मध्ये उघडली तेव्हा गव्हर्नर रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ होती. नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोधच केला होता. पैसा शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं. त्यांचं नाव फार नंतर दिलं गेलं.

ज्या वाराची पेठ, त्याच वारी ती उघडी, हेही खोटं. 1885 च्या पुणे गॅझेटियरचा तिसरा भाग उघडा. पेठांची जुनी नावं त्यात आहेत: रविवारची मलकापूर, सोमवारची शहापूर. वारांची नावं नंतरची. रविवार पेठेतली बोहरी आळी मंगळवारीही गजबजलेलीच असते.

गाडी लावायला जागा नाही, एवढं मात्र खरं. मग गाडी आणू नका. एसटीने स्वारगेटला उतरा, भुयारी मेट्रोचं पुढचंच स्टेशन मंडई.