न्यूट्रल गेलंय

परवा रात्री सव्वानऊला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी माझ्या घराची मेन बंद केली. मला न विचारता, माझ्याच स्टुलावर चढून. राग अजून पुरता गेलेला नाही.

गुन्हा एवढाच की मी गाणं ऐकत होतो. 'गाणं' हा शब्द जरा धाडसाचाच. कराचीतल्या कुणा मुलाने रात्री खोलीत बसून केलेला वीसेक मिनिटांचा घुमारा. शब्द नाहीत, ठेका नाही; एकच सूर ओल्या भिंतीवरच्या डागासारखा हळूहळू पसरत जातो. याला ॲम्बियंट म्हणतात. आमच्या घरात याला 'ते गिरणीचं' म्हणतात.

बेल वाजली. दारात काका. वीज खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर लोक खिशात पेन ठेवतात, हे टेस्टर ठेवतात.

"दहा मिनिटं ऐकतोय," ते चप्पल काढता काढता म्हणाले, "तुझं न्यूट्रल गेलंय."

इथेच खरं सांगायला हवं होतं. पण 'काका, हे संगीत आहे' हे वाक्य टेस्टरधारी माणसासमोर तोंडातून निघत नाही. मी नुसतं "अच्छा?" म्हणालो. तिथेच फसलो.

काकांनी फ्रिजला कान लावला. डॉक्टर छातीला लावतात तसा. "हा नाही." फ्रिजचा स्विच बंद. घुमारा चालूच. इन्व्हर्टर बंद. चालूच. गीझरला टेस्टर लावून झाला, ॲक्वेरियमच्या पंपाची प्लग काढून झाली. मासे माझ्याकडे बघत होते. मध्येच त्या कराचीच्या मुलाने सूर किंचित वर नेला आणि काका जागच्या जागी थबकले.

"बघ! चढला! मेन्सचा हम असा चढत नाही. पन्नास हर्ट्झ म्हणजे पन्नास हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर शंभरवर घुमतो, पण तोही एकाच जागी बसून. हे काहीतरी वेगळंच आहे."

एखाद्या समीक्षकाने त्या तुकड्यावर इतकं नेमकं लिहिलं नसतं. मी जवळजवळ कबूल करणारच होतो, पण तोवर स्टूल ओढलं गेलं होतं. खटका पडला. अंधार. पंखा गरगरत थांबला.

घुमारा चालूच. स्पीकर बॅटरीवरचा.

अंधारात चौतीस वर्षांच्या नोकरीचा पाया हलल्याची शांतता पसरली. मग काका हळूच म्हणाले, "मेन बंद... आणि तरी?" त्या आवाजात खरी भीती होती. मला राहवलं नाही.

"काका, गाणं आहे ते."

"कुठलं?"

"कराचीचं."

बराच वेळ काही नाही. मग, "तिकडे लाइट फार जाते ना?"

"जाते."

"मग जनरेटरचं असणार. बरोबर." मेन चालू झाली. स्टुलावरून उतरताना त्यांनी भर घातली, "एकोणीसशे छत्तीसपर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. वायरिंगच्या खोडी त्याच असणार."

या वेडाची सुरुवात सभ्य होती. लाहोरात वाढलेल्या अरूज आफताब या गायिकेला २०२२ साली 'मोहब्बत' या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं. पाकिस्तानी कलाकाराला मिळालेलं ते पहिलंच. ते ऐकलं. मग मागे जाऊन तिचा २०१८चा 'सायरन आयलंड्स' हा सिंथेसायझरचा अल्बम ऐकला, आणि बांध फुटला. कराचीत 'फॉरेव्हर साउथ' नावाची मंडळी सापडली: डायनोमन या नावाने वाजवणारा हामिद रहीम, रुडो या नावाने बिलाल खान. स्लोस्पिन म्हणजे झीरक अहमद. तिचा आवाज शेजारच्या खोलीतून कुणी स्वतःशीच गुणगुणावं तसा येतो. यातल्या कितीतरी जणांची उमेदीची वर्षं अशी गेली की त्यांच्याच सरकारने सप्टेंबर २०१२ ते जानेवारी २०१६ यूट्यूब बंद ठेवलं होतं. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर विकावं म्हटलं तर पैसे पेपालवर येणार, आणि पेपाल त्यांच्या देशात चालतच नाही. तरी पोरं करतात. कुणासाठी, देव जाणे. डोंबिवलीत मी एक आहे.

म्हणजे होतो. मे २०२५मध्ये तिकडची गाणी, मालिका सगळं हटवण्याची सरकारी सूचना निघाली आणि एका सकाळी माझ्या यादीतली अर्धी नावं राखाडी झाली. पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली. त्यापुढे माझी यादी म्हणजे काय, हे मला कळतं, म्हणून मी कुणाशी वाद घालत नाही. पण ज्यात एक शब्द नाही, ज्याला आमचे काका वायरिंगमधला दोष समजतात, त्या घुमाऱ्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं, हे मला अजून समजलेलं नाही. आता विकत घेऊन उतरवलेलं तेवढं उरलंय. ते मी चोरासारखं, आवाज बारीक करून ऐकतो. त्या रात्री जरा मोठा केला, तर हे.

दहा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला: '४०२मधील आवाजाची तपासणी पूर्ण. वायरिंग ठीक. आवाज पाकिस्तानी आहे. घाबरण्याचे कारण नाही.' खाली अकरा अंगठे आणि एक तिरंगा. सकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरी माझ्याशी हवामानावर बोलले. हा माणूस एरवी मेंटेनन्सशिवाय बोलत नाही.

घरात शिरलो तर स्वयंपाकघरात पाण्याचं थारोळं. काकांनी मेन चालू केली, इन्व्हर्टर चालू केला, माशांच्या पंपाची प्लगसुद्धा आठवणीने लावली. फ्रिजचा स्विच राहिला. दोन लिटर दूध नासलं, आणि सासूबाईंनी दिलेलं आमरसाचे सगळे डबे गेले.

रात्रभर फ्रिज बंद होता हे मला कळलं कसं नाही, असं घरातून विचारणं झालं. घरघर तर चालू होती, मी म्हणालो.