एबी फॉर्मवर सही करण्याआधी

तिकीटवाटपाचे दिवस आले की आमच्याकडे जेट्टीपासून एसटी स्टँडपर्यंत दोनच प्रश्न ऐकू येतात. माणूस खर्च किती करील, आणि कुठल्या वाडीतून किती मतं काढील. मला तिसरा प्रश्न विचारायचाय, आणि तो मतदारांना नाही, पक्षांना. ज्याच्या हातात तुम्ही तुमचं चिन्ह देताय तो कालपर्यंत कोणाच्या पंक्तीला बसत होता, कोणासाठी पोरं गोळा करत होता, हे त्याला समोर बसवून विचारलंत का?

भांडणतंटे, जमिनीचे दावे, दारूच्या केसेस यांबद्दल मी बोलत नाहीये. एखाद्या समाजाला गावातून हुसकावणं किंवा माणसं मारणं हेच ज्यांचं राजकारण, त्यांच्याशी असलेल्या संबंधांबद्दल बोलतेय. झेंडा भगवा असो, हिरवा असो की लाल.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. शेखाडी हे नाव आमच्या पंचक्रोशीबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. तो माल आपोआप वर चढला नाही. कस्टम्स आणि पोलिसांतल्या काही जणांनी पैसे घेऊन तिकडे पाठ फिरवली होती, आणि पुढे कोर्टात त्यांना शिक्षाही झाली. पण भोगलं कोणी? ज्यांचा त्या मालाशी काडीचा संबंध नव्हता अशा किनाऱ्यावरच्या साध्या माणसांनी. त्यातही कोकणी मुसलमानांनी जास्त. मुंबईत खोली भाड्याने बघायला गेलं आणि गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा, हे मी आमच्या मोहल्ल्यातल्या ओळखीच्या घरांतून ऐकलंय. त्यामुळे जबाबदारीच्या जागेवर बसलेला माणूस ‘मला काय माहीत’ म्हणतो तेव्हा मला ते सहन होत नाही. नाक्यावर कोण जातंय येतंय हे बघायलाच त्याला तिथे बसवलेलं असतं.

स्फोटांच्या आधीचे दोन महिनेही विसरू नयेत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलीत ९०० माणसं मेली, हा त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगापुढचा सरकारी आकडा आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा मुंबईत होती, दोन्हीकडची. त्या काळात शिवसेनेचे मधुकर सरपोतदार यांना लष्कराने शस्त्रांसह अडवलं होतं. प्रक्षोभक भाषणाचा खटलाही त्यांच्यावर झाला. तो खटला चालू असताना पक्षाने त्यांना लोकसभेचं तिकीट दिलं, १९९६ मध्ये आणि १९९८ मध्ये ते वायव्य मुंबईतून खासदार झाले. कोर्टाचा निकाल आला २००८ मध्ये. दोषी, एक वर्षाची शिक्षा. भाषण १९९२ चं, निकाल २००८ चा, आणि मधल्या काळात दोनदा खासदारकी!

‘दोष सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष आहे’ असं कोणी पक्षवाला म्हणाला की मला हा सगळा हिशोब आठवतो. कायद्याच्या दृष्टीने ते वाक्य बरोबरच आहे. संशयावरून कोणाला तुरुंगात टाकू नये, निवडणूक लढवण्याचा हक्कही काढून घेऊ नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ दोष सिद्ध झाल्यावरच लागू होतं आणि ते तसंच असावं. पण तुरुंग वेगळा आणि तिकीट वेगळं. तिकीट हा कोणाचाही हक्क नाही. पक्ष ते आपल्या मर्जीने देतो, तेव्हा ते न देण्यासाठी पक्षाला कोर्टाची वाट बघायची गरज काय?

बाहेरच्या देशातलं एक प्रकरण मी अलीकडे नीट वाचलं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात डेव्हिड ड्यूक नावाचा माणूस, कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या टोळीचा माजी म्होरक्या, १९८९ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा म्हणवून विधानसभेला उभा राहिला. त्याच पक्षाचे मोठे नेते रेगन आणि बुश या दोघांनी त्याच्या विरोधातल्या उमेदवाराला पाठिंबा दिला, तरी तो थोडक्या मतांनी निवडून आला. ‘मी ते सगळं सोडलंय’ असं तो सांगत होता, आणि त्याच वर्षी त्याच्या आमदारकीच्या ऑफिसातून नाझी पुस्तकं विकली जात असल्याचं उघडकीला आलं. १९९१ मध्ये तो गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत हरला, पण गोऱ्या मतदारांतल्या बहुसंख्यांची मतं घेऊन हरला. तिकडच्या पक्षाकडे निदान एक सबब होती. तिथे प्राथमिक फेरीत मतदारच ठरवतात, पक्ष एखाद्याला ‘आमचं नाव लावू नकोस’ म्हणून अडवू शकत नाही.

आपल्याकडे ती सबबही नाही. आपल्याकडे एबी फॉर्म आहे. सह्या करण्याचा अधिकार कोणाला हे ए फॉर्ममध्ये, उमेदवार कोण हे बी फॉर्ममध्ये. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत ते निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले नाहीत तर माणूस कितीही मोठा असला तरी त्याला पक्षाचं चिन्ह मिळत नाही. दिलेला बी फॉर्म रद्द करून दुसऱ्याच्या नावाने देण्याची सोयही त्याच वेळेपर्यंत आहे. म्हणजे शेवटच्या मिनिटापर्यंत चावी पक्षाच्या हातात. जो निवडून आला तो लोकांनी आणला, हे खरं. पण मतदानयंत्रावर त्याच्या नावापुढे ते चिन्ह कोणी लावलं?

मग म्हणतात, प्रतिज्ञापत्र आहे ना, त्यात सगळं येतं. नाही येत. माझं सासर राजापूर तालुक्यातलं. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाला विरोध करणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आपली जमीन आणि आपलं पाणी वाचवायला उन्हात बसलेली माणसं ती, त्यांत बायका कितीतरी. त्यांतला कोणी उद्या निवडणुकीला उभा राहिला तर त्याच्या प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांचा रकाना भरलेला दिसेल. आणि जो गावोगाव जाऊन ‘अमक्यांकडून मासळी घेऊ नका, तमक्यांना गाळा देऊ नका’ अशी भाषणं ठोकतो, शिबिरात पोरांच्या हातात तलवारी देऊन फोटो काढतो, त्याच्यावर तक्रारच झालेली नसते. त्याचा रकाना कोरा! कागद बघून ठरवायचं म्हटलं तर आंदोलक गुन्हेगार ठरतो आणि द्वेष पेरणारा सज्जन. संघटनांशी असलेली नाती त्या कागदावर विचारलेलीच नाहीत. ती विचारायची तर पक्षानेच विचारायला हवीत.

सुप्रीम कोर्टाने आपल्या परीने दार ढकलून पाहिलंय. १३ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सांगितलं, की गुन्हे दाखल असलेला उमेदवार लोकसभेला किंवा विधानसभेला दिलात तर का दिलात हे ४८ तासांत जाहीर करा, आणि नुसतं ‘निवडून येईल’ हे कारण चालणार नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळलं नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये आठ पक्षांना दंड झाला, भाजप आणि काँग्रेस दोन्ही त्यात होते. तरीही पक्ष आता काय लिहितात ते सी-७ नावाच्या त्या नमुन्यात वाचून बघा. लोकप्रिय आहेत, समाजकार्य आहे, गुन्हे राजकीय सूडातून आहेत. विचारणाऱ्याला गप्प करायला लिहिलेली उत्तरं ही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्यात काय झालं ते आठवा. पत्रकार गौरी लंकेश यांच्या खून खटल्यातला एक आरोपी, पूर्वीचा नगरसेवक, जामिनावर सुटून आला आणि एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत त्याचा प्रवेश झाला. विधानसभेच्या प्रचाराची जबाबदारीही दिली गेली. गदारोळ झाल्यावर त्या नेमणुकीला स्थगिती आली. त्याच्यावरचा आरोप खरा की खोटा ते कोर्ट ठरवील, मी ठरवणार नाही. मला खटकतो तो क्रम. हार आधी घातला आणि विचार नंतर केला, तोही बाहेरून ओरड झाली म्हणून. ज्या शाखेने त्याला मंचावर घेतलं तिथल्या एकाही माणसाला आदल्या दिवशी हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि इथे मी कोकणातल्या कार्यकर्त्यांशी बोलतेय. नेत्यांशी नाही, तुमच्याशी. तालुक्यात कोण कुठल्या शिबिराला जातो, कोणाच्या ग्रुपवर काय फिरतं, कोणाला कुठून पैसे येतात, हे मुंबईतल्या निवड समितीला कळायला वेळ लागेल. तुम्हाला ते गणपतीच्या आरतीला आणि शिमग्याच्या पालखीला येताजाता कळतं. मुलाखतीच्या दिवशी तुम्ही सगळे तिथे असता. जात विचारता, खर्च विचारता, समोरच्या पक्षातले किती फोडाल तेही विचारता. हा एक प्रश्न मात्र गिळता. का, ते मला कळतं. त्याची पोरं प्रचाराला लागतात, बूथ सांभाळतात, आणि विरोधात बोलाल तर तुमच्याच दारात येतात. भीती खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण एकट्याने बोलायची भीती वाटते तिथे पाच जणांनी मिळून लेखी द्यावं. जिल्हाध्यक्षांच्या हातात कागद पडला की ‘आम्हाला कोणी सांगितलं नाही’ म्हणायची सोय संपते.

हे काही मी नवीन मागत नाहीये. १९३८ मध्ये काँग्रेसने हिंदू महासभा आणि मुस्लीम लीग या दोन्हींच्या सभासदांना आपल्या निवडून आलेल्या समित्यांवर बसायला मनाई केली होती. आणि आमच्या राजापूरने नाथ पै यांच्यानंतर ज्यांना वर्षानुवर्षं लोकसभेत पाठवलं ते मधु दंडवते ज्या जनता पक्षात होते, त्या पक्षात दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. जनसंघातून आलेल्यांनी संघाचं सदस्यत्व ठेवावं की सोडावं, यावर पक्ष दुभंगला आणि एप्रिल १९८० मध्ये भाजपचा जन्म झाला. मी संघाला शेखाडीच्या माल उतरवणाऱ्यांच्या रांगेत बसवत नाहीये, तसा कोणी अर्थ काढू नये. त्या वादात कोण बरोबर यावर आमच्या घरात सासरे आणि त्यांचे सख्खे भाऊ शेवटपर्यंत भांडले. पण दोघांनाही एक मान्य होतं. ‘तुझी निष्ठा नक्की कुठे?’ हे सहकाऱ्याला तोंडावर विचारता येतं, आणि त्याने उत्तर द्यायला हवं. सरकार पडलं, पक्ष फुटला, तरी माणसांनी प्रश्न विचारला होता. आज एवढा प्रश्न विचारून कुठल्या पक्षाचं एक तिकीट तरी अडल्याचं तुमच्या तालुक्यात ऐकलंय?

जो खरोखर सोडून आलाय त्याचं काय, असं एका मैत्रिणीने विचारलं. त्याला दार उघडं असलंच पाहिजे. विशी-बाविशीत पोरं भलत्या नादाला लागतात, त्यातली कितीतरी चांगली माणसं होतात. पण त्याने ते आधी सांगावं, आपणहून सांगावं, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलला त्यांच्या वस्तीत जाऊन सांगावं. जर्मनीत एएफडी हा काही मवाळ पक्ष नव्हे, तरी त्या पक्षानेही २०२० मध्ये ब्रांडेनबुर्गच्या आपल्या नेत्याचं, आंद्रेआस काल्बित्झचं, सदस्यत्व रद्द केलं. प्रवेशाच्या वेळी एका नवनाझी युवक संघटनेशी असलेलं नातं त्याने लपवलं, हे त्याचं कारण. लपवलं एवढं पुरे झालं.

माझ्या इथल्या मित्रयादीत सगळ्या पक्षांचे तालुका पातळीवरचे पदाधिकारी आहेत, काही नात्यातले, काही शाळासोबती. तुमच्या पुढच्या मुलाखतींत हा प्रश्न विचारला जाणार आहे का, आणि उत्तर लेखी घेणार आहात का, एवढं खाली लिहा. हो म्हणा, नाही म्हणा, पण पक्षाचं नाव लावून म्हणा. जे लिहितील त्यांची उत्तरं मी अर्ज भरण्याच्या दिवशी पुन्हा इथेच टाकणार आहे, दुपारी ३ च्या आत.