कॉफीत मनगटाचा जोर किती लागतो?

कॅफेवाल्यांच्या गटांतून एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: एस्प्रेसो मशीनला मनगटात जोर लागतो, रोस्टिंगला, म्हणजे बिया भाजायला, पोती उचलावी लागतात, शिवाय मुली लग्न झालं की सोडून जातात. तेव्हा त्यांना गल्ल्यावर बसवा, तेच खरं सक्षमीकरण.

आधी जोराचं बघू. १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद, हे डबल शॉटचं, म्हणजे दुहेरी एस्प्रेसोचं, नेहमीचं गणित. पूड एकदा घट्ट बसली की वरून कितीही रेटा, फारसा फरक पडत नाही. बिघडतं ते टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, तिरका बसल्यावर. पाणी सैल बाजूनं वाट काढतं, तिथला अर्क गरजेपेक्षा जास्त उतरतो, दुसरीकडे अपुरा राहतो आणि एकाच कपात आंबट-कडू दोन्ही लागतं. पूड आधी मोकळी करून सपाट करावी, मनगट सरळ, कोपर काटकोनात. ओटा उंच असला तर खांदा वर जातो नि दाब तिरका पडतो. पायाखाली न घसरणारी फळी ठेवली की भागतं. ओटा उंच माणसाच्या मापानं बांधायचा आणि दोष मुलीच्या मनगटाला द्यायचा, हा अजब न्याय!

गोव्याच्या पावसाळ्यात तर सकाळी जुळवलेलं दळण दुपारी जुळत नाही. शॉट २० सेकंदांत संपला तर बारीक दळा, ३५ वर गेला तर जाड. एका वेळी एकच बदल. बदलानंतरचा पहिला डोस, म्हणजे एका शॉटची पूड, टाकून द्या, कारण ग्राइंडरमध्ये जुनी पूड अडकलेली असते. याला वजनकाटा आणि टायमर लागतो. पण हे शिकायला मिळतं सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी, आणि त्या वेळी मुलींना टेबलं पुसायला लावलेलं असतं. खरी अडचण इथे आहे.

पोत्यांचं म्हणाल तर ५०-६० किलोंचं पोतं पुरुषानंही एकट्यानं उचलू नये. १०-१० किलोंच्या हवाबंद पिशव्या भरून लाकडी फळ्यांवर ठेवा. दमट हवेत कच्च्या बियांना बुरशी लागण्याचा धोकाही त्यानं कमी होतो. ५ किलोंच्या रोस्टरला एका वेळी ५ किलोंपेक्षा जास्त लागतच नाही.

चव पारखण्याच्या कामात तर सुनालिनी मेनन यांनी सरकारी कॉफी बोर्डात गुणवत्ता विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. कर्नाटकातल्या मळ्यांत पिकलेली फळं वेचणाऱ्या आणि बिया निवडणाऱ्या बहुतेक बायकाच.

राहिला सोडून जाण्याचा मुद्दा. पाळी रात्री अकराला संपते, गावाकडची शेवटची बस त्याआधीच गेलेली. मग तिनं राहावं कसं? उशिराच्या पाळीला गाडी द्या, नाहीतर पाळ्या आळीपाळीनं लावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर, बाळंतपणासाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. दहापेक्षा कमी माणसांच्या कॅफेत ती थेट जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्या समितीचा पत्ता आणि फोन नंबर पाळीच्या तक्त्याशेजारी लावून ठेवा.